गरम झाल्यावर बंद पडणारी जुनी गाडी: इग्निशनमधला दोष शोधायचा कसा

प्रश्न थोडक्यात असा आहे. १९६० च्या दशकातली चार सिलिंडरची पेट्रोल गाडी, १२ व्होल्ट, पॉइंट (करंट जोडणारा-तोडणारा छोटा स्विच) आणि कॉइल (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारी गुंडाळी) असलेली. सकाळी पहिल्या सेल्फला सुरू होते, पंधरा-वीस मिनिटं छान चालते, मग मिसिंग करायला लागते आणि बंद पडते. अर्धा तास उभी ठेवली की पुन्हा काही झालंच नाही अशी सुरू होते. प्लग, कॉइल, पॉइंट, कंडेन्सर सगळं नवं टाकून झालं, कार्ब्युरेटर उघडून साफ केला, तरी फरक नाही. आता पुढे काय बदलावं?

काहीच बदलू नका. नवा भाग म्हणजे चांगला भाग असं धरून चाललात की शोध तिथेच अडतो, कारण जो भाग आपण कालच टाकला त्याच्यावर संशय घ्यायला मन तयार होत नाही. जुन्या गाड्यांसाठी आज मिळणारे कंडेन्सर, रोटर (प्लगांना ठिणगी वाटणारा फिरता तुकडा) आणि पॉइंट यांचा दर्जा फार कमी-जास्त असतो. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची आहे. हा दोष फक्त गरम असताना दिसतो. गॅरेजमध्ये थंड गाडीवर मीटर लावला तर सगळे आकडे बरोबरच येणार. त्यामुळे तपासणी करायची ती गाडी बंद पडल्या पडल्या, पहिल्या पाच मिनिटांत. त्यासाठी सामान गाडीतच हवं: १२ व्होल्टचा छोट्या बल्बचा टेस्ट लॅम्प, मल्टिमीटर, फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या), दोन्ही टोकांना क्रोकोडाइल क्लिप असलेल्या दोन लांब वायरी, एक जादा स्पार्क प्लग आणि दुसऱ्या चालू गाडीवर वापरून खात्री केलेला एक कंडेन्सर.

सगळ्यात आधी ठरवायचं की दोष करंटचा आहे की पेट्रोलचा. चालता चालता इंजिन चावी बंद केल्यासारखं एकदम तुटलं तर संशय इग्निशनवर. आचके देत, जोर कमी होत होत बंद पडलं आणि ॲक्सिलरेटर पंप केल्यावर क्षणभर सावरलं, तर पेट्रोल तपासा. पण हा फक्त अंदाज झाला. खात्री ठिणगीनेच होते.

कॉइलमधून येणारी मधली हाय टेन्शन (जास्त व्होल्टेजची) वायर डिस्ट्रिब्युटरच्या, म्हणजे ठिणगी सिलिंडरना वाटणाऱ्या भागाच्या, कॅपमधून काढा. तिचं टोक इंजिनच्या स्वच्छ धातूपासून ६ मिलिमीटरवर राहील असं लाकडी किंवा प्लास्टिकच्या चिमट्यात पकडून ठेवा. हाताने धरू नका, आणि कार्ब्युरेटरपासून लांब ठेवा. पेट्रोल सांडलेलं असेल तर ही चाचणी करूच नका. चावी लावून दुसऱ्या कुणाला सेल्फ मारायला सांगा. टक-टक आवाजासह निळसर, जाड ठिणगी नियमित पडायला हवी. बारीक, पिवळट-नारिंगी, मध्येच गायब होणारी ठिणगी म्हणजे कॉइलपर्यंतच्या भागातच दोष आहे. ही वायर कधीही नुसती मोकळी लोंबकळत ठेवून सेल्फ मारू नका. ठिणगीला बाहेर वाट मिळाली नाही तर ती कॉइलच्या आतलं इन्सुलेशन फोडून वाट काढते.

कॉइलची ठिणगी चांगली असेल तर वायर परत कॅपमध्ये लावा आणि जादा प्लग एका सिलिंडरच्या वायरला जोडून, त्याची बॉडी इंजिनला टेकवून तीच चाचणी करा. कॉइलला ठिणगी आहे पण प्लगला नाही, तर रोटर, कॅप किंवा प्लगच्या वायरी. दोन्हीकडे जोरदार असेल तर इग्निशनचा नाद सोडा आणि पेट्रोलकडे वळा. टाकीचं झाकण काढून बघा. आत हवा शिरल्याचा आवाज आला आणि गाडी लगेच सुरू झाली तर झाकणाचं भोक बुजलेलं आहे. नसेल तर पेट्रोलची नळी एक्झॉस्टच्या किती जवळून जाते ते पाहा. तिथे पेट्रोलची वाफ होऊन पंप रिकामा पडतो.

तुम्ही सांगितलेल्या लक्षणांवरून मला कॉइलच्या ठिणगीतच दोष सापडेल असं वाटतं, म्हणून त्यावर जास्त लिहितो.

ही सगळी योजना मुळात साधी आहे. चार्ल्स केटरिंग यांनी केलेली ही रचना कॅडिलॅकच्या १९१० च्या मॉडेलवर आली आणि पुढे पन्नास-साठ वर्षं बहुतेक गाड्यांत मूळ तत्त्व तेच राहिलं. पॉइंट मिटलेले असतात तेव्हा बॅटरीचा करंट कॉइलच्या प्रायमरी गुंडाळीतून पॉइंटमार्गे अर्थला जातो. ३ ओहमची कॉइल असेल तर तो साधारण ४ अँपिअर. पॉइंट उघडले की हा प्रवाह तुटतो, चुंबकीय क्षेत्र कोसळतं आणि सेकंडरीत हजारो व्होल्ट तयार होतात. कंडेन्सरचं काम असं की उघडणाऱ्या पॉइंटवर करंटने ठिणगी मारू नये आणि प्रवाह झटक्यात तुटावा. तो जितक्या झटक्यात तुटतो तितकी प्लगवरची ठिणगी जोरदार. म्हणजे मिटलेल्या पॉइंटमधून पूर्ण करंट गेला पाहिजे आणि उघडल्यावर तो स्वच्छ तुटला पाहिजे. लो टेन्शन (बॅटरी ते पॉइंट) बाजूचा कुठलाही दोष या दोनपैकी एका ठिकाणी येऊन थांबतो.

आता मीटर घ्या. खालचे आकडे निगेटिव्ह अर्थच्या, म्हणजे बॅटरीचं वजा टोक बॉडीला जोडलेल्या गाडीचे आहेत. गाडी पॉझिटिव्ह अर्थची असेल तर मीटरच्या पिना उलट धरा, आकडे तेच.

कॅप काढा, इंजिन हाताने फिरवून पॉइंट पूर्ण मिटवा आणि चावी लावा. कॉइलच्या ज्या टर्मिनलला चावीकडून वायर येते तिथे आणि इंजिनच्या बॉडीत व्होल्टेज मोजा. बॅलास्ट (कॉइलच्या आधी जोडलेला रेझिस्टन्स) नसलेल्या गाडीत ते बॅटरीच्या व्होल्टेजपेक्षा जास्तीत जास्त अर्धा व्होल्ट कमी असावं. एक व्होल्टाहून जास्त फरक असेल तर तो चावीचा स्विच, फ्यूजची पट्टी किंवा मधल्या एखाद्या जोडात खाल्ला जातोय. ही मोजणी पॉइंट मिटलेले असतानाच करायची. उघड्या पॉइंटला करंटच वाहत नाही, आणि मग गंजलेला जोडसुद्धा पूर्ण १२ व्होल्ट दाखवतो. पुष्कळ जण इथेच फसतात.

मग पिन कॉइलच्या दुसऱ्या, म्हणजे डिस्ट्रिब्युटरकडे जाणाऱ्या टर्मिनलला लावा. पॉइंट मिटलेले असताना इथे जवळजवळ शून्य हवं, ०.२ व्होल्टच्या आत. अर्धा-एक व्होल्ट आला तर पॉइंट जळलेत किंवा तेलकट आहेत, नाहीतर डिस्ट्रिब्युटरच्या आतली अर्थ कच्ची आहे. पूर्ण १२ व्होल्ट आले तर पॉइंट मिटतच नाहीत किंवा आतली वायर तुटली आहे. आता लाकडाच्या बारीक काडीने पॉइंट उघडा. आकडा लगेच बॅटरीच्या व्होल्टेजवर गेला पाहिजे. नाही गेला तर पॉइंटकडे येणारी वायर कुठेतरी बॉडीला टेकते आहे, किंवा कंडेन्सर शॉर्ट झाला आहे. कंडेन्सरची वायर सोडून पुन्हा पाहा, यातलं कोणतं ते लगेच कळेल.

गरम झाल्यावर बिघडणाऱ्या गाडीत कंडेन्सर हा पहिला संशयित. त्याची क्षमता साधारण ०.१८ ते ०.२५ मायक्रोफॅरड असते आणि मल्टिमीटरवर ती बरोबरही येऊ शकते. पण मल्टिमीटर काही व्होल्टवर मोजतो. पॉइंट उघडताना कंडेन्सरवर काही शे व्होल्ट येतात, तेही गरम डिस्ट्रिब्युटरच्या आत. तिथे त्याचं इन्सुलेशन गळायला लागतं आणि थंड झालं की पुन्हा धरतं. म्हणून मोजत बसू नका, पर्याय लावून बघा. गाडी बंद पडली की जुन्या कंडेन्सरची वायर सोडा, खात्रीचा कंडेन्सर बाहेरून लावा: त्याची वायर कॉइलच्या डिस्ट्रिब्युटरकडच्या टर्मिनलला, बॉडी क्लिपने इंजिनच्या स्वच्छ धातूला. गाडी लगेच सुरू झाली आणि चालत राहिली तर शोध संपला. जुनी वायर सोडायला विसरू नका, कारण गळका कंडेन्सर जोडलेलाच राहिला तर नव्याचा उपयोग होत नाही. पॉइंटकडे पाहूनही अंदाज येतो. सेल्फ मारताना पॉइंटमध्ये ठळक निळ्या ठिणग्या दिसल्या किंवा पॉइंट थोड्याच दिवसांत काळेनिळे झाले तर कंडेन्सर काम करत नाही असं समजा.

दुसरा संशयित कॉइल, आणि तुम्ही नवी कॉइल टाकली आहे म्हणून इथे थांबून नीट पाहा. १२ व्होल्टच्या गाड्यांत दोन प्रकारच्या कॉइल येतात. एक सुमारे ३ ओहमची, जी थेट १२ व्होल्टवर चालते. दुसरी सुमारे १.५ ओहमची, जिला मध्ये तेवढाच बॅलास्ट रेझिस्टन्स लागतो. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. बॅलास्ट नसलेल्या गाडीत १.५ ओहमची कॉइल लावली तर करंट दुप्पट, ८ अँपिअरच्या आसपास जातो. गाडी थंड असताना सुरेख चालते, मग कॉइल तापत जाते, हात लावता येत नाही इतकी, आणि ठिणगी मरते. पॉइंटही जळतात. वर्णन तुमच्या गाडीशी अगदी जुळतं. उलट प्रकार म्हणजे बॅलास्ट असलेल्या गाडीत ३ ओहमची कॉइल. तिने नुकसान होत नाही, पण ठिणगी कायमच अशक्त राहते आणि चढावर मिसिंग येतं.

कॉइल मोजताना दोन्ही वायरी सोडा. आधी मीटरच्या दोन पिना एकमेकींना टेकवून काय आकडा येतो तो पाहा, बहुधा ०.२ ते ०.४ ओहम, आणि तो वजा करा. इतक्या लहान मापात हा फरकच निर्णय बदलतो. मग प्रायमरी मोजा, थंड आणि गरम दोन्ही वेळा. गरम तांब्याचा रेझिस्टन्स थोडा वाढणारच, पण आकडा उड्या मारत असेल किंवा अनंत दाखवत असेल तर कॉइल गेली. सेकंडरी, म्हणजे मधलं टोक ते प्रायमरीचं कोणतंही टोक, बहुतेक कॉइलमध्ये ५ ते १२ किलोओहमच्या दरम्यान येते.

गाडीत बॅलास्ट आहे की नाही हे नुसतं बघून ठरवू नका. तो पांढऱ्या चिनीमातीच्या ठोकळ्यात असेल तर दिसतो, पण काही गाड्यांत तो वायरिंगमध्येच घातलेली रेझिस्टन्सची वायर असतो. पॉइंट मिटलेले, चावी लावलेली, आणि कॉइलच्या चावीकडच्या टर्मिनलला ६ ते ८ व्होल्ट आले तर बॅलास्ट आहे. अशा गाडीत सेल्फ मारत असताना मात्र बॅटरीचा पूर्ण दाब कॉइलला मिळतो, कारण स्टार्टर फिरताना बॅलास्ट टाळून वेगळी वायर येते. सेल्फ सोडल्या सोडल्या इंजिन बंद पडणं हे तुटलेल्या बॅलास्टचं ठरलेलं लक्षण.

कॉइल उलटी जोडलेली नाही ना तेही पाहा. निगेटिव्ह अर्थच्या गाडीत कॉइलचं वजा टर्मिनल डिस्ट्रिब्युटरकडे, पॉझिटिव्ह अर्थच्या गाडीत अधिक टर्मिनल डिस्ट्रिब्युटरकडे. अर्थ बदलून घेतलेल्या जुन्या ब्रिटिश गाड्यांत ही चूक वारंवार दिसते. उलट्या कॉइलवरही गाडी चालते, पण ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं. प्लगचा मधला इलेक्ट्रोड सर्वांत तापलेला असतो आणि इलेक्ट्रॉन तिथून सहज सुटतात. ध्रुव उलटे झाले की हा फायदा जातो.

आता डिस्ट्रिब्युटरच्या आत. इथे डोळे आणि बोटं मीटरपेक्षा जास्त कामाची. बाहेरच्या टर्मिनलपासून पॉइंटपर्यंत एक लवचिक वायर येते. व्हॅक्युम ॲडव्हान्समुळे (इंजिनच्या व्हॅक्युमवर टायमिंग पुढे-मागे करणारी योजना) पॉइंटची प्लेट सतत पुढे-मागे होते आणि ही वायर वर्षानुवर्षं वाकत राहते. आतले तांब्याचे तार तुटतात, वरचं वेष्टण मात्र अखंड दिसतं. ती हलक्या हाताने ओढून पाहा. रबरासारखी ताणली गेली तर आत तुटलेली आहे. तशीच दुसरी वायर प्लेटपासून डिस्ट्रिब्युटरच्या बॉडीला जाते, ती प्लेटची अर्थ. ती तुटली की अर्थ फक्त प्लेटच्या बेअरिंगमधून मिळते, कधी मिळते, कधी नाही. या दोन्हींच्या जागी साधी जाड वायर घालू नका. ती प्लेटला अडवेल आणि लवकरच तुटेल. पुष्कळ बारीक तारांची मऊ वायरच हवी.

पॉइंट बसवताना इन्सुलेटिंग वॉशरचा क्रम चुकला तर गाडी सुरूच होत नाही. नियम एकच: आत येणारी वायर आणि कंडेन्सरची वायर दोन्ही हलत्या पॉइंटच्या स्प्रिंगला टेकल्या पाहिजेत, आणि त्यांतली कुठलीही खिळीला किंवा प्लेटला टेकता कामा नये. नट घट्ट केल्यावर वायरचा थिंबल फिरून बॉडीला लागतो, तेही एकदा पाहून घ्या. नव्या पॉइंटवर गंजू नये म्हणून तेलाचा थर असतो. तो स्पिरिट लावलेल्या स्वच्छ कागदाने पुसा. पॉलिश पेपर वापरायची वेळ आलीच तर बारीक घ्या आणि नंतर कोरडा कागद पॉइंटमधून ओढा, कण राहू देऊ नका.

गॅप गाडीच्या पुस्तकाप्रमाणे. अंदाज यावा म्हणून, लुकास या ब्रिटिश कंपनीच्या २५डी४ डिस्ट्रिब्युटरला ०.३५ ते ०.४० मिलिमीटर आणि ड्वेल (पॉइंट मिटलेले राहतात तेवढा शाफ्टचा कोन) ६० अंश, तीन अंश इकडे-तिकडे. पॉइंटची टाच कॅमच्या बरोबर टोकावर असतानाच गॅप मोजायचा. जुन्या पॉइंटवर एका बाजूला टेंगूळ आणि दुसऱ्या बाजूला खळगा असेल तर फिलर गेज टेंगळावर बसतो आणि खोटं माप देतो. ड्वेल मीटर असेल तर तोच वापरा. कॅमवर विशेष ग्रीसचा अगदी पातळ थर द्या, नाहीतर टाच झिजते, गॅप मिटत जातो आणि टायमिंग मागे जातं. ग्रीस जास्त झालं तर उडून पॉइंटवर बसतं.

शाफ्ट वरून धरून बाजूला हलवून पाहा. ठळक हालचाल जाणवली, किंवा इंजिनचा वेग वाढवल्यावर ड्वेल तीन अंशांहून जास्त बदलला, तर बुश (शाफ्ट ज्यात फिरतो ती नळी) झिजले आहेत. अशा डिस्ट्रिब्युटरला कितीही नवे पॉइंट घाला, गॅप टिकत नाही. बुश बदलणं हाच उपाय.

रोटरकडे कुणी फारसं बघत नाही, आणि ते चुकीचं आहे. हलक्या दर्जाच्या रोटरमध्ये पितळी पट्टी बसवणारा रिव्हेट खाली शाफ्टच्या फार जवळ येतो. गरम झाल्यावर ठिणगी प्लगपर्यंत जाण्याऐवजी रोटर भेदून शाफ्टमध्ये उतरते. चाचणी सोपी आहे. कॅप काढलेली, रोटर जागेवर, पॉइंट मिटलेले, चावी लावलेली. कॉइलची वायर रोटरच्या पितळी मध्यापासून ३ मिलिमीटरवर चिमट्यात धरा आणि लाकडी काडीने पॉइंट उघडा-मीट करा. रोटरवर ठिणगी पडली तर रोटर फुटला आहे. पडली नाही तर तो ठीक, कारण ठिणगीला जायला जागाच नाही. चाचणी आटोपती घ्या, कारण इथेही ठिणगीला वाट नसते. चांगल्या रोटरच्या आतल्या बाजूला काळा ठिपका किंवा रेषा नसते.

कॅपच्या आत प्रकाश तिरपा पाडून पाहा. पेन्सिलने ओढल्यासारखी बारीक रेषा एका खांबापासून दुसऱ्याकडे किंवा कडेकडे गेली असेल तर ती भेग आहे. ती घासून जात नाही, कॅप बदलावी लागते. मधला कार्बन स्प्रिंगवर मोकळा हलतो का ते बघा. तो अडकला किंवा झिजून गेला की ठिणगी दोन ठिकाणी उडी मारते. प्लगच्या वायरींत कार्बनचा गाभा असेल तर दर मीटरला साधारण १० ते २० किलोओहम येतात. एकच वायर बाकीच्यांपेक्षा कितीतरी जास्त दाखवत असेल तर ती गेली. तांब्याच्या वायरीत जवळजवळ काहीच येत नाही. अंधारात इंजिन चालू ठेवून वायरींकडे पाहिलं तर गळती निळसर चमकताना दिसते.

बोनेटखालचं सगळं बरोबर निघालं तर करंट चावीच्या मागे अडतोय. डॅशबोर्डवर अँपिअर मीटर असलेल्या गाडीत स्टार्टर सोडून जवळजवळ सगळा करंट त्याच्या मागच्या दोन नटांमधून जातो. ते सैल झाले की तापतात, पसरतात आणि जोड सुटतो. हात घालण्याआधी बॅटरीची वायर काढा, कारण तिथे बहुधा फ्यूज नसतो. चावीचा स्विचही आत झिजलेला असू शकतो. खात्रीसाठी गाडी बंद पडल्यावर बॅटरीपासून थेट कॉइलच्या चावीकडच्या टर्मिनलला क्लिपची वायर लावा (बॅलास्टच्या गाडीत बॅलास्टच्या अलीकडे) आणि सेल्फ मारा. सुरू झाली तर दोष बॅटरी ते कॉइल या भागात. अशी गाडी चावीने बंद होणार नाही, वायरच काढावी लागेल. इंजिनला बॉडीशी जोडणारी अर्थची पट्टीही याच वेळी पाहा. सेल्फ मारताना इंजिन आणि बॅटरीच्या अर्थ टर्मिनलमध्ये अर्ध्या व्होल्टाहून जास्त आलं तर ती काढून, घासून, घट्ट बसवा.

मॅग्नेटो (ठिणगीचा करंट स्वतःच तयार करणारं यंत्र) असलेल्या आणखी जुन्या गाडीला यातलं बरंच लागू होत नाही. तिथे बॅटरी मध्ये नसते आणि स्विच करंट देत नाही, उलट अर्थ करून इंजिन बंद करतो. म्हणून ठिणगी नसेल तर सगळ्यात आधी स्विचची वायर मॅग्नेटोवरून सोडा. ती कुठेतरी बॉडीला टेकत असेल तर ठिणगी लगेच परत येते. मॅग्नेटो तापल्यावर मरत असेल तर आतली गुंडाळी किंवा कंडेन्सर गेला आहे आणि तो उघडून करण्याचं काम आहे.

दोष इतका चोरटा असेल की उभ्या गाडीत दिसतच नाही, तर दोन छोटे बल्ब बोनेटखालून डॅशबोर्डपर्यंत आणा. एक कॉइलच्या चावीकडच्या टर्मिनलला, दुसरा डिस्ट्रिब्युटरकडच्या टर्मिनलला, दोन्हींच्या दुसऱ्या बाजू अर्थला. प्रत्येक वायरीत कॉइलजवळच १ अँपिअरचा फ्यूज घाला आणि वायरी फॅन व एक्झॉस्टपासून लांब बांधा. बल्ब २ वॅटच्या आसपासचे हवेत, मोठे नकोत. गाडी चालवा, शेजारच्या माणसाला बल्बवर लक्ष ठेवू दे. बंद पडताना गाडी गिअरमध्येच असेल, इंजिन फिरत असेल. पहिला बल्ब विझला तर स्विच किंवा वायरिंग. पहिला पेटलेला आणि दुसरा झगझगीत, न लुकलुकता, तर पॉइंट मिटत नाहीत किंवा आतली अर्थ तुटते आहे. पहिला पेटलेला आणि दुसरा विझलेला, तर डिस्ट्रिब्युटरच्या आत शॉर्ट, नाहीतर कॉइलची प्रायमरी तुटली. दोन्ही नेहमीसारखे, दुसरा फडफडत असूनही इंजिन मेलं, तर कॉइलची सेकंडरी, रोटर, कॅप, गळका कंडेन्सर, नाहीतर पेट्रोल.

दोष मिळाल्यावर पॉइंटला हात लागलाच असेल, म्हणून टायमिंग पुन्हा लावा. क्रम नेहमी ड्वेल आधी, टायमिंग नंतर, कारण ड्वेल एक अंशाने बदलला की क्रँकवरचं टायमिंग सुमारे एक अंशाने सरकतं. इंजिन त्याच्या फिरण्याच्या दिशेनेच फिरवून एक नंबरच्या सिलिंडरच्या कॉम्प्रेशन स्ट्रोकवर पुस्तकातल्या खुणेवर आणा. खूण पुढे गेली तर मागे फिरवू नका, पूर्ण दोन फेऱ्या मारून पुन्हा या, म्हणजे चेनची ढील मोजणीत येत नाही. टेस्ट लॅम्प कॉइलच्या डिस्ट्रिब्युटरकडच्या टर्मिनल आणि अर्थमध्ये लावा, चावी लावा, डिस्ट्रिब्युटर सैल करून रोटर फिरतो त्या दिशेने थोडा वळवा म्हणजे पॉइंट मिटतील आणि दिवा विझेल. मग उलट दिशेने अगदी सावकाश वळवा. दिवा पेटतो तो क्षण पॉइंट उघडण्याचा, तिथेच क्लँप घट्ट करा. काम संपलं की चावी लगेच काढा. इंजिन बंद असताना पॉइंट मिटलेले राहिले तर कॉइलमधून सतत करंट जातो आणि चांगली कॉइलही काही मिनिटांत तापून खराब होऊ शकते.